चिठ्ठीत न लिहिलेले दिवस

मी दातांची डॉक्टर आहे असं कळलं की समोरचा माणूस आधी हसू आवरतं घेतो. ओठ मिटतो, एक पाऊल मागे सरकतो आणि मग विचारतो, "डॉक्टर, ते माउथवॉश रोज वापरावं का हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, इमारतीच्या लिफ्टमध्ये विचारला गेला आहे, आणि एकदा तर मी मयताला गेले होते तिथेही एका काकांनी बाजूला घेऊन विचारला आहे. लालबागच्या एका दवाखान्यात मी सतरा वर्षं काम करते. पहिली काही वर्षं हा प्रश्न क्वचित यायचा. मग मास्कचे दिवस आले. माणसांची स्वतःच्या श्वासाशी पहिल्यांदाच जवळून ओळख झाली आणि ती ओळख फारशी कोणाला आवडली नाही. तेव्हापासून न्हाणीघराच्या फळीवर निळी, हिरवी, जांभळी बाटली नाही असं घर आमच्या भागात विरळा.

या प्रश्नाचं उत्तर चार वाक्यांत देता येतं आणि ते मी पुढे देणारच आहे. पण ते उत्तर मी पुस्तकातून शिकले होते तेव्हा ते मला नीट आलंच नव्हतं. ते मला आलं सुशीला परब नावाच्या बाईंमुळे. त्यांच्या खानावळीत सगळे त्यांना परब मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या हातून त्यांच्या बाबतीत एक चूक झाली. ती लिहायला संकोच वाटतो, पण दिवाळीच्या अंकात डॉक्टरांनी फक्त बरे झालेले रुग्ण मांडावेत असा काही नियम नाही.

मी परंड्याची. घरात शिकून पदवी घेतलेली पहिली. वडील एसटीच्या डेपोत हेल्पर होते. दात घासायला आमच्याकडे राखुंडी, ती संपली तर बाभळीची काडी. दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी डेपोत पेढे वाटले आणि एका कंडक्टरने त्यांना विचारलं की दातांचं शिकायला पाच वर्षं कशाला लागतात, दात तर बत्तीसच आहेत. मुंबईच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुलीच्या टेबलावर एक निळी बाटली होती. मी तिला साधेपणाने विचारलं की फिनेल अभ्यासाच्या टेबलावर का ठेवतेस. ती इतकी हसली की शेजारच्या खोल्यांतल्या मुली जमल्या. माउथवॉशची आणि माझी ही पहिली भेट.

पदवीनंतर मला काम दिलं ते डॉ. परेरा मॅडमनी. मॅडम गिरगावातल्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबातल्या. माझ्याआधी वीस वर्षं त्या लालबागला हा दवाखाना चालवत होत्या. गिरणी कामगारांचे दात, मग त्यांच्या मुलांचे, आता नातवंडांच्या दातांच्या तारा, असा त्यांचा प्रवास. मला मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की परंड्याहून मुंबईला यायला किती तास लागतात. मी सांगितलं. म्हणाल्या, "इतका वेळ बसून आलीस म्हणजे टिकशील."

मॅडमची कामाची एक पद्धत होती. रुग्णाला सूचना देऊन झाल्या की त्या चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?" मग तो माणूस कितीही मोठा असो, त्याला शाळेतल्या मुलासारखं सगळं परत म्हणून दाखवावं लागे. गोळी कधी, गुळण्या कधी, किती दिवस, कशाने, पुन्हा कधी यायचं. चुकलं तर मॅडम न चिडता पुन्हा सांगायच्या आणि पुन्हा म्हणवून घ्यायच्या. बाहेर बाकावर लोक ताटकळत असत. मला तेव्हा हा वेळेचा अपव्यय वाटे. चिठ्ठीवर लिहिलेलं असतंच की, असं मला वाटायचं. मी नीट अक्षरात, मराठीत लिहायचे आणि त्याचा मला अभिमान होता.

आता ते चार वाक्यांचं उत्तर. दातांवर दिवसभर एक चिकट थर बसत असतो. तो थर खरवडूनच निघतो, नुसत्या पाण्याने किंवा औषधाने विरघळत नाही. म्हणून ब्रशला पर्याय नाही, आणि दोन दातांच्या मधल्या फटीसाठी दोऱ्याला म्हणजे फ्लॉसला पर्याय नाही. माउथवॉश हे त्यानंतरचं काम आहे, कोणाला उपयोगी, कोणाला नुसतंच सुवासिक.

चार झाली, पण थोडं अजून सांगते. बाजारात मिळणाऱ्या बाटल्या सगळ्या एका जातीच्या नसतात. काही नुसत्या वासाच्या असतात, त्यांचा परिणाम तासाभरात ओसरतो. काहींत फ्लोराइड असतं. ज्यांचे दात पटकन किडतात, ज्यांना तारा बसवल्या आहेत, ज्यांच्या तोंडाला औषधांमुळे कोरड पडते, अशांना ती रोजसुद्धा चांगली. मात्र ब्रश केल्या केल्या लगेच नको, कारण पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर जरा राहू द्यायचं असतं. काहींत अल्कोहोल असतं, ते कोरड्या तोंडाला आणखी कोरडं करतं. लहान मुलं ते गिळून टाकतात, म्हणून त्यांना देऊच नये. आणि काही बाटल्या म्हणजे सरळ औषध असतं. हिरडीवर शस्त्रक्रिया झाली, दात काढला, ब्रश फिरवता येत नाही, अशा वेळी आम्ही ते देतो. काम फार चांगलं करतं. पण ते मोजक्या दिवसांचं असतं. जास्त दिवस घेतलं तर दात तपकिरी होतात, कीटण वाढतं आणि जिभेची चव बदलते. मीठ तर विशेष कळेनासं होतं.

हे सगळं मला परीक्षेत लिहिता येत होतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर एक तरुण आठवतो. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, गोड बोलणारा, एका बँकेत कर्ज विकायचा. खिशात अत्तराच्या कुपीसारखी छोटी बाटली बाळगायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला भेटण्याआधी जिन्यात चूळ भरायचा. दिवसाला आठ-दहा वेळा. तरी वास जाईना म्हणून आला. शेवटची दाढ अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली, आणि त्या खोबणीत काय काय साठलेलं. मी ती काढली. पुढच्या भेटीत त्याने आरशात बघून मला विचारलं, "मॅडम, म्हणजे मी दोन वर्षं कचऱ्यावर अगरबत्ती लावत होतो?" मी हे वाक्य पुढे अनेकांना ऐकवलं आहे. दहा मिनिटं समजावून जे होत नाही ते त्या एका वाक्याने होतं.

परब मावशी या असल्या गिऱ्हाइकांतल्या नव्हत्या. तोंड न उघडणाऱ्यांतल्या होत्या. वय साठीच्या आसपास, मूळ गाव मालवणजवळ, लग्न होऊन लालबागला आल्या आणि इथल्याच झाल्या. दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या सासरची खानावळ. यजमान गेल्यावर धाकट्या दिरांचा मुलगा विलास ती बघत होता. गल्ल्यावर विलास, चुलीपाशी मावशी. दुपारी तिथे इस्पितळातल्या नर्सेस, रुग्णांचे नातेवाईक, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधले ऑफिसवाले अशी सगळी एका बाकावर बसून जेवत. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, रविवारी कोंबडी-वडे. आमच्या परंड्याला मासा म्हणजे तळ्यातला आणि तोही वर्षाकाठी कधी. मासे खायला मला मावशींच्या हाताने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल, कारण मी त्यांची गिऱ्हाईक आधी झाले, त्या माझ्या रुग्ण नंतर.

त्यांच्या हिरड्या फार खराब होत्या. दहा-बारा वर्षं तशाच अंगावर काढलेल्या. तोंडाला वास यायचा म्हणून पदर तोंडाशी धरून बोलायची सवय लागली होती. धाकटी नात कुशीत घेतली की मान वळवायची, हे त्यांनी मला खुर्चीवर बसून जमिनीकडे बघत सांगितलं होतं. मी चार वेळा बोलावून हिरड्या खोलवर साफ केल्या, हलणारा एक दात काढला आणि ते औषधाचं माउथवॉश लिहून दिलं. दहा मिली, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ब्रशनंतर अर्ध्या तासाने. बाहेर बाक भरला होता. मी चिठ्ठी हातात दिली, म्हटलं, हे चालू ठेवा, आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.

पंधरा दिवसांनी त्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. बरं वाटलं की माणसं येत नाहीत, म्हणून मीही काही वाटून घेतलं नाही. खानावळीत माझं जाणं त्या सुमारास थांबलं होतं, कारण मुलगी लहान आणि मी घरचा डबा आणू लागले होते.

आठ महिन्यांनी त्या आल्या. पदर तोंडाशी नव्हता, पण चेहरा उतरलेला. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की सगळे दात काढून टाका आणि कवळी बसवा. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाल्या. मग कशाला? त्यांनी तोंड उघडलं.

दात तपकिरी झाले होते. चहाचा डाग पडतो तसे नाहीत, जुन्या पितळी भांड्यावर कळकट थर बसतो तसे. आमच्या भागात असे दात दिसले की आम्हा डॉक्टरांच्या मनात पहिला विचार एकच येतो. मी त्यांना विचारलंही नाही, सरळ ऐकवलं. मावशी, मिश्री लावायला लागलात ना? एवढी मेहनत करून हिरड्या बऱ्या केल्या आणि तुम्ही तंबाखू चोळताय? कॅन्सर झाला म्हणजे कळेल. आवाज थोडा चढलाच होता. मदतनीस मुलगी आत डोकावून गेली.

मावशींनी कमरेची पिशवी उघडली आणि माझ्यासमोर एक चौकोनी चकचकीत कागद ठेवला. ती माझीच चिठ्ठी होती. त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली होती. रेशनकार्ड, जातीचा दाखला, यजमानांचा मृत्यूचा दाखला यांच्याबरोबर. गिरणगावातल्या घरांत महत्त्वाचा कागद असाच जपला जातो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते म्हणून. चिठ्ठीला वर एक भोक पाडून सुतळी ओवली होती. मोरीजवळच्या खिळ्याला ती टांगलेली असायची, हे नंतर कळलं.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "तुमी सांगितल्याशिवाय मी तोंडाक दुसरा काय लावूक नाय."

मी चिठ्ठी वाचली. माझं नीटस अक्षर. दहा मिली. दोनदा. जेवणानंतर. अर्ध्या तासाने. आणि त्यानंतर कोरी जागा. किती दिवस, ते मी लिहिलेलंच नव्हतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. औषधवाला ओळखीचा, डॉक्टरांची चिठ्ठी आहे म्हणून दर वेळी बाटली देत गेला. तोंडाचा वास गेला होता, नात कुशीत झोपू लागली होती, आणि मावशींनी त्याचं सगळं श्रेय त्या बाटलीला दिलं होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात जेवणाला चव लागेना. तिखट कळायचं, आंबट थोडं कळायचं, मीठ कळायचं नाही. घरच्यांना वाटलं करोना. दोनदा नाकात काडी घालून तपासणी झाली, काही निघालं नाही. मावशींनी स्वतःच निदान केलं, की तोंडात अजून काहीतरी सडतंय. आणि मग त्यांनी डॉक्टरबाईंच्या औषधाचा डोस वाढवला. दोनदाचं चारदा केलं. जितकी चव जाई तितकं औषध वाढे, आणि जितकं औषध वाढे तितकी चव जाई.

चाळीस वर्षांत मीठ घालताना त्यांनी कधी चमचा वापरला नव्हता. आता त्या चिमटी मोजू लागल्या होत्या, आणि मोजूनही चुकत होत्या. विलासने एका हॉटेलातला कुक ठरवला होता. तो पुढच्या एक तारखेला येणार होता. मावशींना तोंडाने कोणी काही बोललं नव्हतं. काकी, तुम्ही आता विश्रांती घ्या, वाटण तेवढं बघा, इतकंच विलास म्हणाला होता. एक तारखेला नऊ दिवस उरले होते. त्याआधी कवळी बसवून चव परत येते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी उरलेले चोवीस दात काढायची त्यांची तयारी होती.

परेरा मॅडम पलीकडच्या खुर्चीवर काम करत होत्या. त्यांनी हातमोजे काढले, येऊन चिठ्ठी उचलली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी एक वाट दिसत होती, हे कबूल करते. औषध काही जणांना सोसत नाही, ते आता बंद करू, असं म्हणून मी सुटू शकले असते. मावशींनी विश्वास ठेवला असता. त्यांनी माझ्यावर आठ महिने ठेवला होता.

मी म्हटलं, "मावशी, हे औषध पंधरा दिवसांचंच होतं. दिवस लिहायचे मी विसरले. तुमची चव माझ्या चुकीमुळे गेली."

मला वाटलं, आता त्या मला बोलतील. तसं त्यांनी बोलायलाच हवं होतं, मिश्रीवरून मी आत्ताच त्यांना किती सुनावलं होतं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे माझी चव मेलेली नाय?"

मेलेली नाही, मी म्हटलं. औषध बंद केलं की परत येते, दोन-तीन आठवडे, फार तर महिना.

"चार म्हयने मी वयाक नि दातांक दोष देत होतंय," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग त्यांना हसू फुटलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं पूर्ण हसू बघितलं, तपकिरी दातांसकट.

त्या गेल्यावर मला वाटलं, झालं, आता औषध थांबलं. मॅडमनी मला आत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, ते रागावण्याहून जड गेलं. म्हणाल्या, "चव महिन्याने येईल. चूल नऊ दिवसांनी जाणार. त्या पोराला कोण सांगणार? ती सांगेल तर त्याला वाटेल, म्हातारी जागा सोडायला तयार नाही." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या की तुझी दुपारची माणसं मी घेते.

मी खानावळीत गेले ती ऐन जेवणाच्या वेळी. बसून ताट मागवलं. आमटी खारट होती, मासा अळणी होता. मी आजूबाजूला बघितलं. समोरची नर्स आमटीत लिंबू पिळत होती. एक म्हातारे गृहस्थ भातावर भात कालवून खारटपणा मारत होते. प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी होती, ती पूर्वी कधी नसायची. आणि मावशी दारातून डोकावून, कसं झालंय, असं विचारून गेल्या तेव्हा सगळे एका सुरात छान म्हणाले. त्यांच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लेली माणसं होती ती. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

विलासला बाहेर बोलावून मी सगळं सांगितलं. तो पस्तिशीचा, जाडसर, सतत घाम पुसणारा माणूस. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे चूक तुमची, आणि गिऱ्हाइकं माझी गेली." मी होय म्हटलं. 

मग तो पायरीवर बसला आणि त्याने मला जे सांगितलं ते ऐकून मी त्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. गेले तीन महिने तो काकीच्या पाठीमागे पातेली चाखत होता. त्या अंघोळीला गेल्या, देवापुढे बसल्या, की हा आत शिरून कुठे मीठ घाल, कुठे बटाटा सोड, कुठे कोकमाचं पाणी ओत, असं करत होता. ज्या दिवशी त्याला बाजारात किंवा बँकेत जावं लागे त्या दिवशी जेवण बिघडे. हे किती दिवस पुरणार, म्हणून कुक शोधला. काकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी त्याने मला गळ घातली. तिने मला आपल्या ताटातलं भरवून मोठं केलंय, तिला कसं सांगू तुझ्या हाताची चव गेली, असं म्हणताना त्याने पुन्हा तोंड पुसलं, आणि तो घाम नव्हता.

मी त्याला म्हटलं की सगळ्यांनी छान छान म्हटलं म्हणूनच हे इतके महिने चाललं. चव गेली त्या पहिल्याच महिन्यात कोणी खारट आहे म्हटलं असतं तर त्या माझ्याकडे आल्या असत्या. मग उठून त्याने कुकला फोन लावला आणि आजपासून एक महिना थांबायला सांगितलं. मी जाताना म्हणाला, "डॉक्टर, महिन्याने नाही झालं तर?" मी सांगितलं की होईल. पण दवाखान्यापर्यंत चालताना माझी मलाच खात्री नव्हती. पुस्तकात चव परत येते असं लिहिलेलं होतं. रोज चारदा, इतके महिने घेणाऱ्या बाईबद्दल पुस्तकात वेगळं काही नव्हतं.

त्याने त्याच संध्याकाळी काकीला सगळं सांगितलं. मावशी माझ्यावर रागावल्या नव्हत्या, त्याच्यावर मात्र चार दिवस रागावून होत्या. माझ्या पातेल्यात माझ्यामागून हात घातलास, हे त्यांना लागलं होतं. पण पाचव्या दिवशी त्यांनीच नियम घातला. रोज पातेलं उतरण्याआधी विलासने समोर उभं राहून चाखायचं आणि खरं सांगायचं. गिऱ्हाइकांनाही त्यांनी दारात उभं राहून सांगितलं की माझी चव आजारी आहे, जेवण बिघडलं तर सांगा, नाही सांगितलंत तर उद्या वाढणार नाही. चाळीस वर्षांचं नाव असलेल्या बाईने भर दुपारी, भरल्या बाकांसमोर हे म्हणायचं, याला काय लागतं ते मला माझ्या एका वाक्यावरून थोडं कळलं होतं. मी दोन माणसांसमोर बोलले होते. त्या पन्नासांसमोर बोलल्या.

मी त्यांचे दात दोन बैठकांत स्वच्छ केले. डाग निघाले. हिरड्या चांगल्या राहिल्या होत्या, कारण ब्रश आणि दोन दातांमधला छोटा ब्रश त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता. वास गेला होता तो त्यांच्या या मेहनतीने, बाटलीने नव्हे, हे मी त्यांना समजावलं आणि मग चष्मा नसतानाही मॅडमसारखं विचारलं, की आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं. त्यांनी न अडखळता सांगितलं. तेव्हापासून मी एकाही रुग्णाला हे विचारल्याशिवाय उठू देत नाही. बाहेरचा बाक कुरकुरतो. कुरकुरू दे.

पहिला आठवडा काही फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत आणि मी विचारायला गेले नाही, धीर झाला नाही.

महिना भरायला तीन दिवस असताना त्या दुपारी दवाखान्यात आल्या. शेवटचा रुग्ण नुकताच गेला होता, मॅडम जेवायला बसणार होत्या. मावशींनी स्टीलचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. बांगड्याचं तिखलं, तिरफळांच्या वासाचं, वाफ येणारं. बाजूला भात. "खावा," एवढंच म्हणाल्या आणि समोरच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या.

मी घास घेतला. मसाला सुंदर जमला होता, मासा ताजा होता. मीठ कमी होतं. थोडं नव्हे, चांगलंच कमी.

मी मॅडमकडे बघितलं. त्या मुद्दाम आपल्या डब्यात बघत होत्या. तीन दिवसांनी कुक येणार होता. मी छान म्हटलं तर या बाई आनंदाने घरी जातील. कमी आहे म्हटलं तर मी जे काढून घेतलं होतं ते परत आलं नाही, हे मलाच माझ्या तोंडाने सांगावं लागणार होतं.

"मावशी," मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

"किती?"

"या डब्याला अर्धा चमचा तरी."

त्यांनी डबा स्वतःकडे ओढला, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटून क्षणभर थांबल्या. "अर्धो नाय," त्या म्हणाल्या. "पाव. माका म्हायत आसा. मीच घालूक नाय."

मग कनवटीची एक छोटी कागदी पुडी काढून त्यांनी ती सोडली. आत मीठ होतं. चिमटीने घेतलं, न बघता डब्यात सोडलं, चमच्याने दोनदा ढवळलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. विलासने सकाळी दोन पातेली चाखून एकदाही मिठाला हात लावला नव्हता, कुकला नको म्हणून कळवलं होतं, हे सगळं त्यांनी त्यानंतर सांगितलं. आधी फक्त म्हणाल्या, "तुमी खरा सांगतास काय, ता बघूचा होता. आता खावा."

मॅडम आपला डबा बाजूला सारून चमचा घेऊन आल्या. आम्ही दोघींनी खाल्लं. मीठ आता बरोबर होतं. मघाशी कमी होतं ते पाव चमचाच.